मोरो रघुनाथाचें प्रकरण

पेशवाईंत दावा कोणापुढें न्यावयाचा हें सहसा विचारावें लागत नसे. वतनाचा तंटा असला तर गोतसभा. प्रायश्चित्ताचा किंवा आचाराचा प्रश्न असला तर ब्रह्मसभा. देण्याघेण्याचा असला तर उभयतांनीं राजीनामे लिहून देऊन मान्य केलेले पंच, आणि तेथें समाधान न झालें तर पुण्यास न्यायाधीश. या सीमा बहुतांशीं वहिवाटीनें ठरलेल्या असत, आणि वहिवाटीचें कुंपण जसें असतें तसें तें ठिकठिकाणीं मोडकेंहि असे. परंतु एका मुलाच्या ताब्यासाठीं दोन सत्ता समोरासमोर उभ्या ठाकाव्या, व त्यांतील न्यायाच्या सत्तेनें आपलें दारच लावून घ्यावें, हा प्रसंग इंग्रजी अमल बसल्यावर अकरा वर्षांच्या आंतच महाराष्ट्रानें पाहिला.

मुंबईंत त्या वेळीं न्यायाचीं दोन घराणीं नांदत होतीं. 1823 च्या सनदेनें स्थापन झालेलें सुप्रीम कोर्ट हें राजाचें. त्याचे न्यायाधीश विलायतेहून नेमून येत व कंपनीचे ते ताबेदार नसत. बेटाबाहेर कंपनीचीं कोर्टें होतीं. त्यांचा कारभार एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत सिद्ध झालेल्या 1827 च्या रेग्युलेशनांप्रमाणें चाले, आणि त्यांच्या डोक्यावर सदर अदालती असत. त्यांतहि दक्षिणेंतील सरदारांचा मान राखण्याकरितां त्यांच्या दाव्यांसाठीं निराळा एजंट नेमलेला होता. मुंबईच्या धन्याची राजसनद मोठी कीं पुण्याच्या कलेक्टराची कचेरी मोठी, हा प्रश्न कोणी उघड विचारीपर्यंत सर्व सुरळीत होतें.

तो विचारला गेला 1828 सालीं. मोरो रघुनाथ हा पुण्याच्या एका मानाच्या घराण्यांतील चौदा वर्षांचा मुलगा. त्याचा चुलत आजा पांडुरंग रामचंद्र यानें त्यास अन्यायानें अडकवून ठेविलें आहे, अशी तक्रार सुप्रीम कोर्टांत आली, आणि मुलास समक्ष हजर करावें असा हेबियस कॉर्पसचा हुकूम सुटला. ठाण्याच्या तुरुंगांतील एका कैद्याविषयींहि असाच हुकूम निघाला होता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यास हें मुळींच रुचलें नाहीं. उद्यां मुंबईचा बेलिफ प्रत्येक सरदाराच्या वाड्याशीं उभा राहील, तर नुकत्याच जिंकलेल्या मुलखांत सरकारची पत ती काय राहिली? 3 ऑक्टोबर 1828 रोजीं त्यानें व त्याच्या कौन्सिलानें न्यायाधीशांस पत्र लिहून असले हुकूम यापुढें अमलांत येऊं देणार नाहीं असें कळविलें. न्यायाधीशांनीं हा कोर्टाचा अपमान मानला.

दैवगति अशी कीं, सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टांतच वारला होता. ऑक्टोबरांत चेंबर्सहि गेला. उरला एकटा सर जॉन पीटर ग्रँट. हा पुरुष हट्टी खरा, आणि बोलण्यांत संयम थोडा. पण भित्रा नव्हता. हुकुमाची बजावणी होत नाहीं असें पाहून त्यानें 1 एप्रिल 1829 रोजीं कोर्टच बंद केलें. आपल्याकडे ग्रँटाची तुलना रामशास्त्र्यांशीं करण्याचा मोह कोणासहि व्हावा. तो आवरलेला बरा. रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें तें पेशव्यांच्याच घरानें दिलेल्या अधिकारानें. घरच्या माणसानें घरच्या माणसास सांगितलेला तो दोष होता. ग्रँटाच्या हातीं समुद्रापलीकडील सनद होती, आणि ती किती दूर पोंचते याचाच मुळीं वाद होता.

हा वाद विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापुढें गेला व 1829 सालींच निकाल सरकारच्या बाजूनें लागला: बेटाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय माणसांवर किंवा कंपनीच्या कोर्टांच्या तुरुंगाधिकाऱ्यांवर सुप्रीम कोर्टाचे असले हुकूम चालत नाहींत. सनदेचीं अक्षरें पाहिलीं तर निकाल चुकीचा म्हणतां येत नाहीं. परंतु त्यापूर्वींच लॉर्ड एलेनबरो यानें माल्कमास पत्रांत लिहून ठेविलें होतें कीं, ग्रँटाच्या दोहों बाजूंस दोन नवे न्यायाधीश बसवूं, म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमध्यें सांपडलेल्या रानहत्तीसारखी त्याची गत होईल. हें पत्र पुढें छापून प्रसिद्ध झालें. वादाचा निर्णय होण्याआधीं न्यायाधीश माणसाळवण्याची भाषा ज्या मंत्र्याच्या लेखणींतून निघते, त्याच्या पक्षाचा जय कायदेशीर असला तरी मनाला निर्मळ वाटत नाहीं. नवा सरन्यायाधीश नेमला तो सर जेम्स ड्यूअर. हा पूर्वीं सरकारचाच ॲडव्होकेट-जनरल होता.

ग्रँट मुंबई सोडून गेला व पुढें कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश झाला. 1862 सालीं मुंबईंत हायकोर्ट स्थापन झालें, तेव्हां सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती हीं दोन्ही घराणीं त्यांत विलीन झालीं. हायकोर्टाच्या मूळ शाखा व अपील शाखा या दोन भागांत त्या जुन्या वांटणीची खूण आजहि दिसते. मोरो रघुनाथानें आपल्या आजाजवळ राहावें कीं नाहीं, यावर मात्र प्रिव्ही कौन्सिलानें मत दिलें नाहीं. त्याच्यापुढें प्रश्न फक्त हद्दीचा होता.