सशांची फसवी नावे

शिक्षकमित्रहो, मराठीत ‘ससा’ हा शब्द एकच, प्राणी मात्र दोन. आपल्या माळावर संध्याकाळी दिसतो तो रानससा. त्याची मादी गवताच्या आडोशाला विते; पिल्लांच्या अंगावर जन्मतःच केस असतात, डोळेही उघडे असतात. पिंजऱ्यातला पाळीव ससा निराळा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. पिल्ले उघडीनागडी आणि आंधळी. या दोघांचा संकर होत नाही, बरं का. रानातले पिल्लू आणून पाळीव सशांत सोडले तर हाती काही लागत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानसशाची शिकार करायला बंदी आहे.

साऱ्या पाळीव जाती त्या एका बिळातल्या सशापासून झाल्या. याची एक गोष्ट पुस्तकांतून सांगत असत : इ. स. ६०० च्या सुमारास पोपने सशाची नवजात पिल्ले उपासाला चालतात असे ठरवले, आणि मठातल्या साधूंनी ससे पाळायला घेतले. गोष्ट मोठी गोड! पण २०१८ साली संशोधकांनी मूळ आधार तपासले, तेव्हा असा हुकूम कोठेच सापडला नाही. रोमन लोक भिंतीच्या आवारात ससे कोंडून ठेवीत. पुढे युरोपातले जमीनदार त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवू लागले. माणसाळणे हे असे सावकाश झाले. आजच्या बहुतेक जाती मात्र अलीकडच्या, आणि त्यांची नावे ठेवणाऱ्यांनी भूगोलाची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

‘बेल्जियन हेअर’ घ्या. हेअर म्हणजे रानससा. पण हा पाळीवच. लांब पाय, सडपातळ अंग आणि तांबूस रंग, एवढ्यावरून ते नाव पडले. ‘न्यूझीलंड व्हाइट’ ही मांसासाठी पाळली जाणारी भरदार जात तयार झाली अमेरिकेत. ‘हिमालयन’चे अंग पांढरे, नाक, कान, पाय आणि शेपटी काळी. त्याचा काळा रंग फक्त थंड त्वचेवरच तयार होतो. पाठीवरचे केस काढून तेथे बर्फाची पिशवी बांधून ठेवली, तर नवे केस काळे येतात! वर्गात सांगण्याजोगा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

‘रेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये राजा. हा राजा जन्मला १९१९ साली, फ्रान्समधल्या एका शेतकऱ्याच्या घरी. सशाच्या अंगावर आखूड मऊ केस आणि त्यांवर लांब राठ केस असतात. या पिल्लांचे राठ केस खुंटून मऊ केसांएवढेच राहिले होते. हात फिरवला तर मखमल! शेतकऱ्याला ती विद्रूप वाटली असती तर नवल नव्हते. पण गावच्या पाद्र्याने ती जपली, वाढवली, आणि १९२४ साली त्यांचे वंशज पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. हा गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो. नुसता रेक्स नर आणून भागत नाही.

राहता राहिला ‘अंगोरा’. नाव तुर्कस्तानातल्या अंकारा शहराचे, लोकर मात्र नावाजली फ्रान्समध्ये. हिमाचलात कुलू खोऱ्यातल्या गडसा येथील सरकारी केंद्रात अंगोरा पाळतात. दर अडीच-तीन महिन्यांनी लोकर कातरतात. थंड हवेत ते साधते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यात अंगोराच्या अंगावर ती दाट लोकर! मराठवाड्याच्या वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली, तो जनावर म्हणून टिकायचा नाही, मग लोकरीचे बोलायलाच नको.