आधी वासरू, मग खरवस

गाय व्यायली की आपल्याला आधी खरवस आठवतो. पण ज्या चिकाचा तो होतो, तो चीक वासराला नेमका कशाला लागतो? पोट साफ व्हायला, असं पुष्कळ जण मानत.

१९२२ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी हे तपासलं. स्मिथ म्हणजे गोचिडीमुळे टेक्सास ताप पसरतो हे दाखवणारे. त्यांनी १२ वासरांना चीक दिला नाही. त्यातली ९ मेली. चीक प्यायलेली दहाही जगली.

कारण काय? माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत, चिकातूनच मिळतात. आणि ती शोषून घेणारं आतड्याचं दार साधारण २४ तासांत बंद होतं.

बरं, वासरू जगलं. पुढे? दूध तर विकायचं असतं! म्हणून गोठ्यांमध्ये हिशेब बसला: रोज वजनाच्या दहा टक्के दूध. ४० किलोच्या वासराला ४ लिटर. मोकळं सोडलं तर तेच वासरू सहज दुप्पट पितं. म्हणजे आपण त्याला जगवत होतो, वाढवत नव्हतो. वासराचं दूध कायम खर्चाच्या रकान्यात.

हा हिशेब फिरवला तो कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासाने. त्यांनी हजारावर कालवडींच्या नोंदी पाहिल्या. दूध तोडण्याआधी रोजची वजनवाढ १०० ग्रॅमने जास्त, तर पहिल्या वेतात सुमारे ८५ किलो दूध जास्त. अर्थात आजारपण, गोठा, खुराक यांचाही त्यात वाटा असतोच. पण दोन वर्षांनी मिळणाऱ्या दुधाची बेगमी पहिल्या दोन महिन्यांत होते, हे आता नाकारता येत नाही.

स्मिथ यांच्यापासून इथवर यायला ९० वर्षं लागली. का? वासरू मेलं तर लगेच दिसतं. खुरटलेली कालवड मात्र दूध कमी देते, आणि आपण म्हणतो, जातच तशी!

खरवस खाऊ नका, असं मी म्हणत नाही. ३५ किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत साडेतीन लिटर चीक पाजा. उरलेल्याचा खुशाल खरवस करा.