जेम्सटाऊन ते यॉर्कटाऊन : माणसाला गुलाम ठरवणाऱ्या कायद्यांच्या वाटेवरून



जातीबद्दल बोलायला लागलं की एक ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं, "ती पूर्वापार चालत आलीय, कुणी मुद्दाम बनवली नाही." असं म्हटलं की जबाबदार कुणीच उरत नाही. म्हणूनच विषमता कुणी, कधी आणि कोणत्या कागदावर घडवली, याचा शोध घेणं हे चळवळीचं काम आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात असा शोध चक्क एका रस्त्यावरून फिरत घेता येतो. तिथल्या 'कलोनियल नॅशनल हिस्टॉरिकल पार्क'ला आम्ही भेट दिली, ती याच प्रश्नासाठी.

हे एकच ठिकाण नाही. इंग्रज १६०७ मध्ये जिथे पहिल्यांदा किनाऱ्याला लागले ते केप हेन्री, त्यांची पहिली टिकलेली वसाहत जेम्सटाऊन, गव्हर्नर बर्कलीचा ग्रीन स्प्रिंग मळा आणि १७८१ च्या लढाईचं यॉर्कटाऊन, असे विखुरलेले भाग या उद्यानात येतात. जेम्सटाऊन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाऊन यांना जोडणारा सुमारे ३७ किलोमीटरचा रस्ताही उद्यानाचाच भाग आहे. दुतर्फा झाडी, मध्येच नदी, जाहिरातीचा एक फलक नाही. इतक्या सुंदर रस्त्यावर इतिहासही सुंदरच असेल, असं वाटायला लागतं. तिथेच सावध व्हायचं.

जेम्सटाऊनला कॅप्टन जॉन स्मिथ आणि पोकाहोंटस यांचे पुतळे आहेत, जुन्या चर्चचा विटांचा मनोरा आहे. पण ही जमीन रिकामी नव्हती. ती पोहॅटन मूलनिवासींची होती आणि तिला त्यांनी दिलेलं नाव होतं, सेनाकोमाका. ३० जुलै १६१९ ला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस जवळच्या पॉइंट कम्फर्टला एक जहाज आलं आणि त्यातून आणलेल्या विसाहून थोड्या अधिक आफ्रिकन माणसांचा सौदा झाला. लोकशाही आणि माणसांची खरेदी-विक्री, दोन्ही एकाच वर्षी! १६२५ च्या शिरगणतीत जेम्सटाऊनच्या एका कॅप्टनच्या घरी अँजेला नावाच्या आफ्रिकन स्त्रीची नोंद आहे. ते घर होतं त्या जागेवर अलीकडे उत्खनन झालं. तिच्याबद्दल कागदावर उरलंय ते जवळजवळ एवढंच.

आता खरा मुद्दा. सुरुवातीला वसाहतीत गरीब गोरे करारबद्ध नोकर आणि आफ्रिकन एकत्र राबत होते. त्यांच्यात भिंत कशी उभी राहिली, ते क्रमाने पाहू.

१६४० : तीन नोकर पळाले, पकडले गेले. दोन गोऱ्यांची सेवा चार वर्षांनी वाढवली. तिसरा जॉन पंच कृष्णवर्णीय, त्याला मात्र जन्मभराची गुलामी.

१६६२ : मुलाचा दर्जा आईवरून ठरेल, असा कायदा झाला. मालकाने गुलाम स्त्रीवर अत्याचार केला तरी मूल त्याच्याच मालमत्तेत जमा.

१६६७ : बाप्तिस्मा घेतला तरी गुलामाची सुटका होणार नाही, असं ठरलं. म्हणजे मालकाच्या धर्मात या, पण दास म्हणूनच या.

१६९१ : गोऱ्या व्यक्तीने कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी व्यक्तीशी लग्न केलं, तर तिला वसाहतीतून हद्दपार करण्याचा कायदा झाला.

ही यादी वाचताना बाबासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी मांडलं की जातीचं मर्म सजातीय विवाहात आहे. स्त्रीवर आणि लग्नावर ताबा ठेवल्याशिवाय बंदिस्त समूह टिकत नाही. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना हे समाजशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं. सत्तेला ते आपोआप कळतं.

मधल्या १६७६ सालाकडेही नीट बघा. बेकनच्या बंडात जेम्सटाऊन जाळलं गेलं. हे बंड पवित्र नव्हतं, त्याची सुरुवातच मूलनिवासींवरच्या हल्ल्यांनी झाली. पण त्यात गोरे नोकर आणि आफ्रिकन गुलाम एकत्र लढले. शेवटपर्यंत शस्त्र खाली न ठेवणाऱ्यांत सुमारे ८० आफ्रिकन आणि २० इंग्रज होते. ही एकजूट राज्यकर्त्यांना परवडणारी नव्हती. पुढे राजधानी विल्यम्सबर्गला गेली आणि १७०५ मध्ये सगळे नियम एका संहितेत बांधले गेले. त्यात गोऱ्या नोकराला थोडं संरक्षण दिलं आणि कृष्णवर्णीयाला गोऱ्यावर हात उचलण्याचीही बंदी केली. पिळला जाणारा गोरा गरीबसुद्धा आता कुणाच्या तरी 'वर' झाला. यालाच आपण श्रेणीबद्ध विषमता म्हणतो.

यॉर्कटाऊनला १९ ऑक्टोबर १७८१ ला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल झाला आणि १७९३ मध्ये त्याने बंगालात जमीनदारांची कायमधारा पद्धत आणली. स्वातंत्र्याच्या आशेने हजारो गुलाम ब्रिटिशांकडे पळाले होते. वेढ्यात अन्न संपत आलं आणि देवीची साथ पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांतल्या कित्येकांना छावणीबाहेर हाकललं. शरणागतीच्या कलमांनी मालकांना त्यांची 'मालमत्ता' परत घेण्याची मुभा दिली. देश स्वतंत्र झाला, माणसं झाली नाहीत. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही.

आणि हा इतिहास जमिनीतून वर काढला कुणी? १९३० च्या दशकात, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत, जेम्सटाऊनची माती उपसणाऱ्यांत मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय तरुण होते. यॉर्कटाऊनच्या रणभूमीवर तर यादवी युद्धाच्या काळात गुलामीतून निसटून आलेल्यांनी वस्ती उभारली होती. रणभूमी 'मूळ रूपात' दाखवायची म्हणून ती वस्ती १९७० च्या दशकात हटवली गेली. १७८१ चा इतिहास जपण्यासाठी १८६० च्या दशकाचा पुसला! वारसा जपणं म्हणजे निवड करणं, आणि ती निवड कोण करतं हा राजकीय प्रश्न आहे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. म्हणजे ही नजर आपल्याला नवी नाही, वारशानेच मिळालेली आहे. मात्र बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता एकच मानली नाही, हेही लक्षात ठेवू. गुलामी कायद्याने आली, म्हणून तिच्या नोंदी तारीखवार सापडतात. जात धर्माने पवित्र केली आणि मनात रुजवली, म्हणून तिचा कागद शोधणं अवघड आणि तिला उखडणं त्याहून अवघड.

म्हणून मित्रहो, महाडला, भीमा कोरेगावला आपण जातोच. पण एखाद्या गडावर, वाड्यात, संग्रहालयात गेलात तर तिथेही विचारा : हे दगड कुणी वाहिले? त्यांची वस्ती कुठे होती? फलकावर त्यांचं नाव का नाही? उत्तर मिळालं नाही, तर शोधून लिहून काढा. अँजेलाची निदान एक ओळ तरी उरली. आपल्या आज्या-पणज्यांची तेवढीही कुणी लिहून ठेवली नाही. ती लिहिणं आता आपल्याच हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!