राक्षस ठरवतो कोण?

'प्रेडेटर' या विज्ञानपटांच्या मालिकेतला पहिला चित्रपट १९८७ साली आला. जंगलात सैनिकांना टिपून मारणारा परग्रहावरचा शिकारी, एवढीच त्यातल्या राक्षसाची ओळख होती. त्याला नाव नव्हते, घर नव्हते. २०२५ च्या 'प्रेडेटर: बॅडलँड्स'मध्ये दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टेनबर्ग यांनी त्याच जमातीतला डेक नावाचा तरुण नायक केला. तो कुळात दुबळा, म्हणून बापच त्याच्या जिवावर उठतो. त्याला वाचवणारा भाऊ मारला जातो. दात तेच, चेहरा तोच. बदलली ती कॅमेऱ्याची जागा.

जगाला हे नवे वाटत असेल. महाराष्ट्रात हे काम १८७३ सालीच झाले आहे. 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी अवतारकथा उलटून तपासल्या आणि वामनाने पाताळात घातलेल्या बळीला रयतेचा न्यायी राजा म्हणून उभे केले. पोथीत बळी असुर. पण सणाला ओवाळताना आमच्या आयाबहिणी राज्य मागतात ते बळीचेच. जोतीरावांनी पोथीपेक्षा या आठवणीवर विश्वास ठेवला.

आता खानदेशाकडे पाहू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सरकारी दप्तरात सातपुड्यातला भिल्ल 'लुटारू' म्हणून चढला. पण १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला पलटण उभी केली, ती भिल्लांचीच! म्हणजे सरकारला गरज असेल तेव्हा शिपाई, नसेल तेव्हा दरोडेखोर. खाज्या नाईक यांचेच पाहा. शिरपूरच्या पुढे सेंधवा घाटाची राखण ते सरकारसाठीच करत होते. १८५७ मध्ये ते उठावात उतरले. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली. घाट तोच, माणूस तोच. दप्तरातला शब्द तेवढा बदलला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

इथे आमच्या तरुणांपैकी काहीजण घाईने म्हणतात, "मग आपण असुरांच्या रक्ताचे, ते आर्यांच्या रक्ताचे." आम्हाला हे मान्य नाही. जोतीरावांनी आर्य बाहेरून आले असे मानले, हे खरे. पण बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य वंशाचा आणि आक्रमणाचा सिद्धांत तपासून फेटाळला. जोतीरावांकडून आपण घ्यायचा तो प्रश्न: ही गोष्ट कोणी लिहिली, कोणाच्या फायद्यासाठी लिहिली? रक्ताचा दाखला मागणे हा तर जातीचाच धंदा आहे. तो आपण कशाला चालवायचा?

डेकच्या गोष्टीतही हा पेच आहे. स्वतःला सिद्ध करायला तो कॅलिस्क नावाच्या भयंकर प्राण्याच्या शिकारीला निघतो. आणि ती कॅलिस्क एका पिल्लाची आई निघते. म्हणजे ज्याला राक्षस म्हटले गेले, त्यालाही नायक होण्यासाठी दुसरा राक्षस लागत होता.

आमच्यापुढचा खरा सवाल हाच आहे. जळगाव-धुळ्यात कुठे चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो, आणि तो संशय बोलून दाखवणारे कधी कधी आपल्याच वस्तीतले, निळा झेंडा खांद्यावर घेणारे असतात. बळीची मिरवणूक काढायची आणि पारध्याच्या पोराला चोर म्हणायचे, हे एकत्र चालणार नाही. जयंतीच्या व्यासपीठावर खाज्या नाईकांची तसबीर लावाच. पण त्या पालावर पोलीस येतील तेव्हा तिथे उभे राहायलाही जा. इतिहास उलटा वाचायला जोतीरावांनी शिकवले ते याचसाठी.

जय भीम!