एका महिला विद्यापीठाची जन्मकथा

आज ज्या विद्यापीठाची हकीकत मी सांगणार आहें तें कोणा राजानें स्थापिलें नाहीं, कीं सरकारच्या कायद्यानें जन्मास आलें नाहीं. गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकानें, अठ्ठावन्न वर्षें पुरीं झाल्यावर, पदरीं कांहीं द्रव्य नसतांना तें उभें केलें. महाविद्यालयाचा पहिला वर्ग १९१६ च्या जुलै महिन्यांत भरला, तेव्हां विद्यार्थिनींची संख्या होती पांच. मी जन्मभर शाळेंत गणितच शिकविलें, आणि माझी स्वतःची मजल मॅट्रिकच्या पलीकडे गेली नाहीं. म्हणून विद्यापीठासंबंधीं बोलण्याचा माझा अधिकार कितपत, असें कोणी विचारल्यास मजपाशीं उत्तर नाहीं. परंतु घरांतल्या एका माणसामुळें या संस्थेशीं माझें नातें जडलें आहे. तें ओघानें येईलच.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ च्या एप्रिलांत रत्नागिरी जिल्ह्यांतील शेरवली येथें झाला, आणि बाळपण मुरुडास गेलें. १८९१ सालीं ते फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवूं लागले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांना त्या काळीं दरमहा ७५ रुपये मिळत. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला व त्याबद्दल मुरुडच्या समाजाचा बहिष्कार सोसला. १८९६ त अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं पुण्याजवळ हिंगणें येथें सहा एकर जमीन व झोंपडीसाठीं साडेसातशें रुपये दिले, आणि १९०० सालीं आश्रम तेथें गेला. महाविद्यालयांतील काम आटोपून संध्याकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास जावयाचें, तेथील मुलींना शिकवावयाचें, आणि सकाळीं पुन्हां पुण्यास यावयाचें, हा अण्णांचा क्रम कित्येक महिने चालला होता. ही सारी हकीकत मराठी घरांतून परिचयाची आहे. ती लांबवीत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. आश्रम, महिला विद्यालय व निष्काम कर्ममठ या संस्था मार्गीं लागल्यावर १९१४ सालीं अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढील वर्षीं त्यांच्या हातीं एक पुस्तिका आली. जपानची यात्रा करणाऱ्या बनारसच्या एका गृहस्थांनीं ती धाडली होती, आणि तींत टोकियो येथील महिला विद्यापीठाचें वर्णन होतें. जिन्झो नारुसे या जपानी शिक्षणतज्ज्ञानें तें १९०१ सालीं सुरू केलें होतें. त्याच सुमारास, डिसेंबर १९१५ मध्यें मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद अण्णांकडे आलें. अध्यक्षानें विद्वत्तापूर्ण भाषण करावें व श्रोत्यांनीं टाळ्या वाजवून घरीं जावें, हा अशा परिषदांचा शिरस्ता. अण्णांनीं मात्र भाषणांत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि टाळ्यांचा आवाज विरण्यापूर्वींच तिच्या पाठीस लागले.

ही कल्पना त्या वेळच्या अनेक सुशिक्षितांना रुचली नाहीं, हें सांगितलें पाहिजे. आक्षेप हलके नव्हते. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून चालू होतें, व त्याचे दरवाजे स्त्रियांना बंद नव्हते. मग निराळें, आणि तेंही सरकारी मान्यता नसलेलें विद्यापीठ कशाला? पुरुषांची पदवी ती खरी व बायकांची ती हलकी, असा समज दृढ होणार नाहीं काय? अण्णांचें उत्तर हिशेबी माणसाला शोभेसेंच होतें. ज्या मुलींना मुंबई विद्यापीठांत जावयाचें त्यांनीं खुशाल जावें. परंतु त्या किती निघणार? लग्नें लवकर होत, इंग्रजी माध्यमाच्या ओझ्याखालीं वर्षेंच्या वर्षें खर्चीं पडत, आणि मॅट्रिकच्या उंबरठ्याशीं बहुतेकींचा प्रवास संपे. ज्या शेंकडों मुली त्या वाटेनें कधींच जाणार नव्हत्या त्यांच्यासाठीं ही दुसरी वाट होती.

माझें मत विचाराल तर आक्षेपकांचें म्हणणें अर्धें खरें होतें. स्त्रियांसाठीं म्हणून गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र अभ्यासक्रमांत घालण्यांत, स्त्रीचें क्षेत्र घर हेंच, ही त्या काळची समजूत डोकावते. परंतु अर्धें खरें म्हणणें पुढें करून कांहींच न करणाऱ्या मंडळींपेक्षां अर्धें काम प्रत्यक्ष करणारा मनुष्य मला नेहमींच जवळचा वाटत आला आहे.

शिक्षणाचें माध्यम मातृभाषा. मात्र इंग्रजी हा विषय आवश्यक. प्रवेशासाठीं विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती, व तीही मातृभाषेंतून देतां येई. मातृभाषेचें तत्त्व गांधीजींना पूर्ण मान्य होतें, परंतु इंग्रजीची सक्ती त्यांना पसंत नव्हती. कित्येक पदवीधरांना नेमकें उलट वाटे. इंग्रजीवांचून उच्च शिक्षण त्यांच्या कल्पनेंतच बसत नव्हतें. अण्णा दोहोंच्या मधें उभे राहिले. इंग्रजीचें मोल आश्रमांतल्या मंडळींना अनुभवानें ठाऊक होतें. अण्णांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले या चाळिशी उलटल्यावर १९१८ सालीं अमेरिकेस गेल्या, आणि परक्या घरीं घरकाम करीत ती भाषा शिकल्या.

पदव्यांचीं नांवें तर ऐकण्याजोगीं आहेत. पहिली पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनें विद्या ग्रहण केली ती. आणि तिच्या वरची ‘प्रदेयागमा’. आद्याक्षरें घेतलीं कीं जी. ए. व पी. ए. होत. बी. ए. व एम. ए. यांच्या शेजारीं तीं ऐकून पुष्कळांनीं थट्टा केली असेल. पण संस्कृत शब्दांची निवड चोख आहे, आणि त्या स्त्रीलिंगी आहेत हें विशेष. पुरुषाला ती पदवी लावावयाची म्हटली तरी व्याकरण आडवें येतें! मुलींसाठीं ‘बॅचलर’ हा शब्द वापरतांना कोणास हंसूं आलें नाहीं, याचें मला आजही नवल वाटतें.

३ जून १९१६ रोजीं विद्यापीठाच्या नियामक सभेची पहिली बैठक झाली. कुलपति डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, व कुलगुरु रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. नांव होतें भारतवर्षीय महिला विद्यापीठ. त्याच वर्षीं बनारसचें हिंदु विद्यापीठही उभें राहिलें, परंतु त्याच्या पाठीशीं १९१५ चा कायदा व संस्थानिकांच्या मोठाल्या देणग्या होत्या. पुण्याच्या विद्यापीठापाशीं कायदा नव्हता. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या लोकांनीं सभासद निवडावयाचे, अशी त्याची घटना, आणि ही वर्गणी गोळा करण्यासाठीं अण्णा गांवोगांव हिंडले. ज्या शहरांत ओळखीचें माणूस नसे तेथेंही ते उतरत, आणि सुशिक्षितांचीं घरें एकामागून एक गांठत. मागतांना त्यांना संकोच वाटत नसे. वाटत असला तरी तो त्यांनीं कोणास दिसूं दिला नाहीं.

खर्चाचा प्रश्न तरीही सुटेना. विद्यार्थिनींकडून भरपूर फी घ्यावी तर त्या यावयाच्याच नाहींत. ज्या घरांत मुलाच्या शिक्षणासाठीं दागिना गहाण पडे तेथें मुलीसाठीं पैसा कोठून निघणार? शिवाय ही पदवी सरकारमान्य नव्हती, म्हणजे तिच्या बळावर सरकारी नोकरी मिळण्याची आशा नाहीं. असें असूनही ज्या मुली आल्या त्यांचें व त्यांच्या वडिलांचें धैर्य विद्यापीठाच्या स्थापकांपेक्षां कमी नव्हतें. प्रमाणपत्रावर सरकारचा शिक्का नसतांना तीन तीन वर्षें अभ्यास करणें म्हणजे काय, तें परीक्षेसाठींच शिकणाऱ्या मुलांना शिकवितां शिकवितां मला चांगलें कळून चुकलें आहे.

१९२० सालीं भाग्य उघडलें. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. परंतु सगळी थैली एकदम हातीं आली असें नव्हे. साडेतीन टक्क्यांनीं १५ लक्षांचें वर्षाचें व्याज ५२,५०० रुपये. तेवढें दरसाल मिळावयाचें, व मुद्दल कांहीं अटी पुऱ्या झाल्यावर. विद्यापीठाला नाथीबाईंचें नांव द्यावयाचें, आणि मुख्य ठाणें मुंबईस न्यावयाचें, हेंही ठरलें. १९२२ सालीं सर विठ्ठलदास वारले. मध्यंतरीं त्यांच्या विश्वस्तांशीं मतभेद होऊन व्याजाचा ओघ कांहीं काळ थांबला, पुढें तडजोड झाली, आणि १९३६ सालीं विद्यापीठाचें ठाणें मुंबईस गेलें. नांव बदलल्याबद्दल पुण्याच्या कांहीं मंडळींना वाईट वाटलें असल्यास तें स्वाभाविक आहे. तथापि अण्णांना नांवाचा मोह नव्हता. स्वतःचें नांवही त्यांनीं कोठें घातलें नव्हतें.

दरम्यान १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप व अमेरिकेच्या प्रवासास निघाले, आणि परततांना जपानांत उतरले. चौदापंधरा वर्षांपूर्वीं जें पुस्तिकेंत वाचलें होतें तें टोकियोचें विद्यापीठ त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतर आफ्रिकेचा दौरा झाला तो पुन्हां वर्गणीसाठींच.

सरकारी मान्यतेला मात्र देश स्वतंत्र होईपर्यंत थांबावें लागलें. मुंबई विधिमंडळानें १९४९ सालीं कायदा केला व १९५१ त तो अमलांत आला. कायदेशीर विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरु प्रेमलीलाबाई ठाकरसी, सर विठ्ठलदासांच्या पत्नी. यांच्याच पुण्याच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यांत १९३३ सालीं गांधीजींनीं आपलें एकवीस दिवसांचें उपोषण पुरें केलें होतें. गृहीतागमा जाऊन बी. ए. आली. अण्णांना १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न मिळालें, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते निवर्तले. चर्चगेटपाशीं विद्यापीठाची जुनी वास्तु नाथीबाई ठाकरसी मार्गावर आहे, आणि जवळून जाणारा पूर्वींचा क्वीन्स रोड आतां महर्षि कर्वे मार्ग झाला आहे.

आतां माझ्या घरची गोष्ट. या विद्यापीठानें वर्गांत न बसतां बाहेरून परीक्षा देण्याची सोय ठेवली होती. माझी थोरली आत्या मॅट्रिक होऊन लग्न करून गेली, आणि अकालीं वैधव्य येऊन आमच्या घरीं परत आली. मी नववींत असतांना तिनें बी. ए. चा अर्ज भरला. त्या वेळीं तिचें वय चाळिशीच्या आंत-बाहेर होतें. दुपारीं स्वयंपाकघर आवरल्यावर ती चुलीपाठच्या कोनाड्यांत पुस्तक उभें करी आणि डाळ निवडतां निवडतां वाची. इंग्रजी शब्दांचे उच्चार ती मला विचारी. मी चुकीचे सांगत असें, व तें तिला दोन दिवसांनीं कळे. एकदां वडील म्हणाले, “अक्का, आतां या वयांत पदवीचा काय उपयोग?” तिनें सूप खालीं ठेवलें नाहीं. “उपयोग म्हणशील तर कांहीं नाहीं रे,” ती म्हणाली, “पण अर्ध्यावर सोडलेलें पुस्तक मला रात्रीं झोंपूं देत नाहीं.”

दुसऱ्या प्रयत्नांत ती उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्र टपालानें आलें तेव्हां घरीं मी एकटाच होतों. लखोट्यावर तिचें पूर्ण नांव होतें, माहेरचें नव्हे तर सासरचें, जें आमच्या घरांत वीस वर्षांत कोणीं उच्चारलें नव्हतें. पोस्टमननें तें मोठ्यानें वाचलें आणि विचारलें, “या बाई इथेंच राहतात ना?”