जुन्या इटालियन ग्रँड टूरर मोटारींच्या पूर्वेतिहासाचा शोध

१९६९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द इटालियन जॉब’ या ब्रिटिश चित्रपटाच्या आरंभी नारिंगी रंगाची लॅम्बोर्गिनी मिउरा आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून धावताना दिसते. काही क्षणांत ती बोगद्यात शिरते आणि तिचा चक्काचूर होतो. दरीत लोटली गेलेली मोटार प्रत्यक्षात आधीच अपघातात सापडलेली दुसरी मिउरा होती. घाटातून धावलेली मोटार मात्र सुखरूप परतली आणि ग्राहकाच्या हाती गेली. ती नेमकी कोणती, हा प्रश्न पुढे ५० वर्षे अनुत्तरित राहिला. २०१९ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीच्या ‘पोलो स्टोरिको’ या वारसा विभागाने ३५८६ हा चॅसिस क्रमांक असलेली मिउरा हीच ती मोटार असल्याचे प्रमाणित केले.

हा निष्कर्ष काढण्यासाठी कंपनीच्या दप्तरातील कागदपत्रे तपासण्यात आली, तसेच त्या काळातील कर्मचाऱ्यांच्या साक्षी घेण्यात आल्या. पांढऱ्या चामड्याची आसने चित्रीकरणात खराब होऊ नयेत म्हणून काढून त्या जागी काळी आसने बसविण्यात आली होती. डोके टेकण्याच्या पांढऱ्या गाद्या मात्र काढता आल्या नाहीत आणि त्या पडद्यावर तशाच दिसतात. अशा बारीकसारीक खुणांची कागदोपत्री नोंदींशी सांगड घालणे, हेच जुन्या मोटारींच्या इतिहासशोधाचे स्वरूप आहे.

‘ग्रँड टूरर’ म्हणजे काय?

दोन-चार प्रवाशांना सामानासह लांबचा पल्ला वेगाने आणि आरामात गाठता यावा, यासाठी घडविलेल्या मोटारीस इटालियन भाषेत ‘ग्रान तुरिस्मो’, म्हणजेच ग्रँड टूरर किंवा जीटी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत या प्रकाराला बहर आला. १९४७ ची चिसितालिया २०२, १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी-२० जीटी, पन्नाशीच्या दशकातील फेरारी २५० जीटी मालिका, १९५७ ची मासेराती ३५०० जीटी आणि १९६४ ची लॅम्बोर्गिनी ३५० जीटी हे या परंपरेचे ठळक टप्पे होत.

या मोटारी एका छपराखाली तयार होत नसत. इंजिन आणि सांगाडा एका गावी, तर वरची बॉडी दुसऱ्या गावी घडविली जाई. फेरारीचा सांगाडा मारानेल्लो येथून तुरिनच्या पिनिनफारिना अथवा मोदेनाच्या स्काल्येत्ती यांच्याकडे जाई. मासेराती ३५०० जीटीची बॉडी मिलानची ‘तुरिंग’ ही संस्था घडवीत असे. बॉडी घडविणाऱ्या या कारखान्यांना ‘कारोत्झेरिया’ म्हणतात. पत्रा हाताने ठोकून आकाराला आणला जात असल्याने एकाच नमुन्याच्या दोन मोटारीही तंतोतंत सारख्या नसत. साहजिकच एका मोटारीची नोंद दोन ठिकाणी विभागली गेली. ‘तुरिंग’चा मूळ कारखाना १९६६ मध्ये, तर ‘ईझो’ या मोटार कंपनीचा १९७४ मध्ये बंद पडला. लॅम्बोर्गिनीची मालकीही १९९८ मध्ये आउडीकडे येईपर्यंत अनेकदा बदलली. अशा स्थित्यंतरांत दप्तरे टिकविणे कठीण जाते.

क्रमांक आणि कागद

शोधाचा आरंभ चॅसिस क्रमांकापासून होतो. सांगाड्यावर ठोकलेला हा क्रमांक म्हणजे मोटारीची मूळ ओळख. त्याच्या जोडीला इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे स्वतंत्र क्रमांक पडताळले जातात. कारखान्यातून निघताना जे भाग बसविलेले होते, तेच आजही असतील, तर त्या मोटारीचे क्रमांक ‘जुळणारे’ मानले जातात आणि तिची किंमत वाढते. फेरारीच्या बाबतीत त्या काळी रस्त्यावरील मोटारींना सामान्यतः विषम आणि शर्यतीच्या मोटारींना सम क्रमांक देण्याची पद्धत होती. त्यामुळे नुसता आकडाही काही सांगून जातो.

दुसरा आधार सरकारी नोंदीचा. इटलीत १९२७ पासून ‘पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको’ ही सार्वजनिक मोटार नोंदवही अस्तित्वात असून तिच्यात मालकीचे हस्तांतर क्रमाने नोंदविले जाते. आपल्याकडील आरसी बुकातून वाहनाचा प्रवास कळावा, तसाच हा प्रकार. पूर्वी इटालियन नंबरप्लेटवर प्रांताची खूण असे आणि मोटार दुसऱ्या प्रांतात गेली की नवी प्लेट घ्यावी लागे. परिणामी एखाद्या जुन्या छायाचित्रातील प्लेटवरून ते छायाचित्र कोणत्या काळातील आणि त्या वेळी मोटार कोणत्या प्रांतात होती, याचा अंदाज बांधता येतो. कारखान्याची जुळणीपत्रके, विक्रीची बिले, शर्यतींच्या प्रवेशयाद्या आणि कौटुंबिक छायाचित्रे यांतून उरलेले दुवे जोडले जातात.

साखळी कुठे तुटते?

सत्तरच्या दशकात यांपैकी अनेक मोटारी केवळ जुन्या आणि खर्चिक गाड्या होत्या. तेलाचे भाव भडकले होते, सुटे भाग महाग होते. काहींमध्ये अमेरिकी इंजिने बसविली गेली, काही गंजून भंगारात गेल्या. १९६० ते १९६३ या काळात सुमारे ९५० च्या संख्येने तयार झालेल्या फेरारी २५० जीटीई या चार आसनी मोटारींपैकी कित्येकींचे सांगाडे आणि इंजिने अधिक प्रसिद्ध मोटारींच्या प्रतिकृती बनविण्यासाठी वापरण्यात आली.

त्या प्रतिकृतींचे सर्वात मोठे आकर्षण होते फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या अवघ्या ३६ मोटारी तयार झाल्या. नावातील २५० हा आकडा एका सिलिंडरचे घन सेंटिमीटरमधील आकारमान दर्शवितो. बारा सिलिंडर मिळून इंजिन सुमारे तीन लिटरचे होते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे ३४१३ जीटी या क्रमांकाची जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. विशेष म्हणजे या मोटारीची मूळ बॉडी आज तिच्यावर नाही. ती स्पर्धेत असतानाच, १९६४ मध्ये, स्काल्येत्ती यांनी तिला नव्या धर्तीची बॉडी चढविली होती. हा बदल त्याच काळातला, मूळ कारागिरांनी केलेला आणि सलग नोंदींनी सिद्ध होणारा आहे, म्हणून तो दोष न ठरता इतिहासाचा भाग ठरतो. तशीच बॉडी पुढे एखाद्या जीटीईवर चढविली, तर ती नक्कल ठरते. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या रचनेस कलाकृतीचा दर्जा देऊन तिच्या नकलांविरुद्ध फेरारीच्या बाजूने निर्णय दिला.

इतिहासातील खंड मालकीवरही संकट आणू शकतो. ग्रँड टूरर नव्हे, पण त्याच घराण्यातील शर्यतीची फेरारी ३७५ प्लस, क्रमांक ०३८४ एएम, हे त्याचे उदाहरण. ही मोटार अमेरिकेतील ओहायो राज्यातून १९८० च्या दशकात चोरीस गेली आणि पुढे बेल्जियममध्ये पोहोचली. मालकीचा वाद वर्षानुवर्षे चालला. २०१४ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे तिला १ कोटी ७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली, तरीही विक्रीनंतर प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले.

प्रमाणपत्र आणि त्याची मर्यादा

मोटारींचे मोल वाढले तशी कंपन्यांनी स्वतःची दप्तरे उघडली. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग मूळ नोंदींशी पडताळणी करून प्रमाणपत्र देतो. लॅम्बोर्गिनीचा पोलो स्टोरिको विभाग २०१५ पासून, तर मासेरातीचा असाच विभाग २०२१ पासून कार्यरत आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेला ‘आउतोमोतोक्लब स्तोरिको इतालियानो’ हा महासंघही ऐतिहासिक वाहनांना ओळखपत्रे देतो. मात्र प्रमाणपत्र मोटारीचे भाग मूळचे आहेत का, हे सांगते. मधल्या साठ वर्षांत ती कोणाकडे होती आणि वैध मार्गाने हस्तांतरित झाली का, हे स्वतंत्रपणे शोधावे लागते.

दुरुस्तीविषयीची दृष्टीही बदलली आहे. पश्चिम फ्रान्समधील एका शेतघराच्या आवारात दशकानुदशके पडून राहिलेला मोटारींचा संग्रह २०१५ मध्ये पॅरिस येथे धुळीसकट लिलावात मांडण्यात आला. त्यातील, एकेकाळी अभिनेते अलँ दलाँ यांच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर सुमारे १ कोटी ६३ लाख युरोला गेली. चकचकीत नवा रंग मिळतो. पुसली गेलेली जुनी खूण पुन्हा मिळत नाही, हे खरेदीदारांनी ओळखले होते.

भारतातही २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम लागू केले. वाहन मूळ स्वरूपात असणे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसणे ही त्यातील मुख्य अट आहे. अशा वाहनांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नोंदणी दहा वर्षे वैध राहते. मूळ स्वरूप सिद्ध करण्यासाठी लागतात ते जुने कागद, बिले आणि छायाचित्रे. घरातील जुनी मोटार विकताना वा दुरुस्तीस देताना ती जपून ठेवणे आणि सांगाड्यावरील क्रमांक घासला वा रंगाखाली बुजविला जाणार नाही याची काळजी घेणे, एवढे तरी प्रत्येक मालकाच्या हाती असते.