मतांचे प्रमाण: सातारा-सांगलीचा अनुभव

जितकी मते तितक्या जागा, हे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व महाराष्ट्राला परके आहे असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः त्याचा एक प्रकार येथे येऊन गेला, आणि आज तो उरला आहे तो मतदाराकडे नव्हे, तर निवडून आलेल्यांकडे.

१९३५ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्याच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या, आणि त्या बहुसदस्यीय मतदारसंघांत गुंफलेल्या असल्याने तेथे संचयी मतदान स्वीकारले गेले. संचयी मतदान म्हणजे मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळणे आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असणे. त्यामुळे संख्येने लहान पण एकदिलाने मत देणाऱ्या समाजाला आपला माणूस निवडून आणता येई. १९३७ साली मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पराभव केला तो याच पद्धतीत.

स्वातंत्र्यानंतर द्विसदस्यीय मतदारसंघ काही काळ टिकले, पण संचयाची मुभा गेली. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतदाराने दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतली एक बाद होई. पुढे १९६१ च्या कायद्याने हे मतदारसंघच संपले.

सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा मतदार आज जिल्हा परिषदेच्या गटासाठी आणि पंचायत समितीच्या गणासाठी मत देतो तेव्हा एका जागेला एकच विजेता असतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत मात्र चार सदस्यांचे प्रभाग आले, तरी चारही जागांचे मतदान स्वतंत्र असल्याने संघटित पक्षाला आख्खा प्रभाग खिशात घालता येतो. म्हणजे प्रभाग बहुसदस्यीय, पण प्रमाण शून्य. प्रमाण दिसते ते सभागृहात, कारण स्थायी समितीच्या १६ जागा आणि स्वीकृत नगरसेवक पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार ठरतात. २०१८ मध्ये ७८ पैकी ४१ जागा भाजपला, २० काँग्रेसला आणि १५ राष्ट्रवादीला मिळाल्या, तेव्हा स्थायी समितीतील हिस्सा अनुक्रमे ८.४१, ४.१० आणि ३.०८ असा निघतो, आणि अपूर्णांकांवरून ओढाताण होणे ओघानेच येते. महापौर मात्र बहुमताने ठरतो, म्हणूनच भाजपचे बहुमत असूनही त्याचे काही नगरसेवक फुटताच २०२१ मध्ये ते पद ३९ विरुद्ध ३६ मतांनी राष्ट्रवादीकडे गेले.

विधान परिषदेच्या सांगली-सातारा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात तर प्रमाणशीरपणाचे केवळ नाव उरते. जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समिती सभापती आणि नगरसेवक तेथे एकल संक्रमणीय मत देतात, म्हणजे उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितात, आणि शेवटच्या उमेदवाराची मते पुढील पसंतीकडे वळतात. परंतु जागा एकच असल्याने विजयासाठी लागणारा कोटा वैध मतांच्या निम्म्याहून एक पायरी वरचा होतो आणि ही केवळ बहुमताची निवडणूक राहते.

लंडनच्या शहर-सभेत याउलट मतदाराकडेच दोन मते असतात. २००० सालापासून तेथील २५ सदस्यांपैकी १४ मतदारसंघांतून एकेरी निवडले जातात, तर उर्वरित ११ जागा पक्षयादीतून, मतदारसंघांतील विजय हिशोबात धरून, मतांच्या प्रमाणाशी जुळतील अशा भरल्या जातात. महाराष्ट्राच्या कोणत्याही महापालिकेतील मतदाराला पक्षयादीसाठीचे असे दुसरे मत अद्याप मिळालेले नाही.